मावशीच्या पोटातली जागा

सर्जन लोकांना जागा कधीच पुरत नाही. हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवानं सांगते, आणि कुठल्याही सर्जनच्या तोंडावर सांगायला तयार आहे.

मी भूल देणारी डॉक्टर. संभाजीनगरात माझा स्वतःचा दवाखाना वगैरे काही नाही. सकाळी गाडी काढायची, औषधांची पेटी मागच्या सीटवर टाकायची आणि ज्या हॉस्पिटलातून फोन आला असेल तिथं जायचं. पेशंट झोपवायचा, ऑपरेशन संपेपर्यंत त्याच्या उशाशी बसायचं, उठवायचं आणि पुढच्या ठिकाणी निघायचं. पेशंटला सर्जनचं नाव जन्मभर आठवतं. माझं नाव विचारतसुद्धा नाहीत, आणि ते बरंच आहे.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हटलं की लोकांना वाटतं, बारीकशी भोकं, चार टाके, संपलं. पण पोटात सगळं एकमेकांना खेटून बसलेलं असतं. नुसती दुर्बीण घातली तर दिसणार काय, कपाळ? म्हणून आधी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. पोट फुगून वर उचललं जातं, आत पोकळी होते आणि सर्जनला हत्यारं फिरवायला जागा मिळते. आता ही जागा काय आभाळातून पडते? पोट आणि छाती यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा असतो. खाली गॅस भरला की पडदा वर सरकतो आणि फुप्फुसांची जागा घेतो. बरं, तो गॅस गप बसतो का? नाही. रक्तात झिरपत राहतो, आणि त्याला बाहेर टाकायचं काम पुन्हा त्या दबलेल्या फुप्फुसांच्याच गळ्यात. ती फुप्फुसं मशीनवर चालवायची मी. म्हणजे मजा सर्जनची आणि निस्तरायचं मी.

ज्या सर्जनबरोबर मी सगळ्यात जास्त कामं केली तो चांगल्या शेतीवाडीच्या घरातला. उंचापुरा, बोलायला फटकळ, हात मात्र सोन्याचा. त्याला मी म्हणायची, "सर, बांध कोरायची सवय काय जाणार नाय तुमची." शेजाऱ्याच्या वावरात दरवर्षी नांगराच्या एका फेरीनं बांध सरकवायचा, तसा हा माणूस दर ऑपरेशनला "मॅडम, जरा प्रेशर वाढवू द्या की" करत माझ्या हद्दीत घुसायचा. तो हसायचा. आमच्या घराण्यात वावरच नव्हतं, त्यामुळे बांधाचं भांडण मी आयुष्यात केलं ते एवढंच.

एरवी हे सगळं गमतीत चालायचं. आई गेल्यापासून मला त्यात गंमत वाटेनाशी झाली.

आई कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. ती होती त्याच वॉर्डात मी कामाला होते. तिला श्वास पुरेना, तेव्हा घशात नळी घालून मशीनवर घ्यायचं ठरलं. आपल्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, असा आमच्यात दंडक आहे. पण त्या दिवशी नळी घालणारं दुसरं कुणी मोकळंच नव्हतं. तिच्या तोंडावरचा मास्क मी धरला. ती आतून म्हणाली, "उठवशील ना गं?" मी म्हणाले, "उठवते की." रोज सगळ्यांनाच म्हणायचे.

ती उठली नाही. आणि ती गेली तेव्हाची एक गोष्ट मला अजून सोडत नाही. हृदयाची रेघ सपाट झाली होती. जे करायचं ते सगळं करून झालं होतं. पण व्हेंटिलेटर चालूच होता. त्या यंत्राला काय माहीत? तो आपला हवा ढकलत होता, आणि आईची छाती वर येत होती, खाली जात होती, अगदी व्यवस्थित, सकाळपेक्षाही चांगली. आई संपली होती आणि तिचा श्वास चालू होता. बटण मीच बंद केलं.

तेव्हापासून वर येणाऱ्या छातीवर माझा विश्वास नाही. "उठवते" हा शब्दही मी कुठल्या पेशंटला दिलेला नाही. मशीनचा तो आवाज, हवा आत, थोडं थांबून हवा बाहेर, मिक्सर बंद केला की स्वयंपाकघरात ऐकू येतो. नवरा पेपर तोंडावर घेऊन सोफ्यावर डुलकी काढतो, तर मी पेपर हलतोय का ते बघत उभी. शहागंजात दुकानदार साडी उलगडून दाखवतोय आणि मी त्याच्या सदऱ्याच्या बटणांवर नजर लावून बसलेली. नवरा कोपरानं ढोसतो, "अगं, लोक काय म्हणतील?" काय म्हणायचं ते म्हणू देत. समोरचा माणूस त्याचा श्वास स्वतःच घेतोय ना, एवढं मला बघायचं असतं.

आणि अशात मावशीच्या पित्ताशयात खडे निघाले.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. करमाडला राहते, मुलगा वाळूजला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. दोघी बहिणींचा चेहरा इतका सारखा की मावशी दारात उभी राहिली की अजूनही मला क्षणभर आईच आल्यासारखं वाटतं. तेच नाक, तीच हनुवटी, मान तिरकी करून बघायची तीच तऱ्हा. तिची फुप्फुसं मात्र आईपेक्षाही वाईट. जन्मभर चुलीपुढं कापसाच्या पऱ्हाट्या फुंकल्या, त्या धुरानं आतून पार वाळवून टाकलेली. घरात सिलेंडर आला तरी भाकरी चुलीवरचीच लागायची बाईसाहेबांना.

दुखायला लागलं की तिला घाम फुटायचा, उलट्या व्हायच्या. एकदा तापही भरला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. पित्ताशयात पू झाला असता तर मावशी हातची गेली असती. सर्जन म्हणाला, "मॅडम, छाती इतकी खराब हाय तर गॅसची भानगडच नको. पोट उघडूनच करू." मी म्हणाले, "बरगडीखाली एवढा चिरा दिल्यावर ती खोकणार कशी? खोकली नाही तर कफ साचून चार दिवसांत निमोनिया. त्यापेक्षा दुर्बिणीनंच करा, पण कमी प्रेशरवर." इकडं आड, तिकडं विहीर. त्यातल्या त्यात मी आड निवडला.

मावशीला समोर बसवून सगळं समजावलं, तर ती माझ्याकडं बघतच राहिली.

"आगं, गॅस निघावा म्हणून मी जन्मभर ओवा खाल्ला. आन् तुमी उलटा भरायला निघालात व्हय?"

"तो गॅस वेगळा, मावशे."

"गॅस तो गॅस. आन् मंग काढतात का तसाच ठिवतात?"

"काढतात गं."

"बघ हां. न्हायतर फुगा करून धाडशीला घरी."

भूल देण्यासाठी मी माझ्या एका मित्राला सांगितलं होतं. माणूस हुशार, माझ्यापेक्षा शांत. मी बाहेर बाकावर बसणार होते, बाकीच्या नातेवाइकांसारखी. पण ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मावशी हिरवा गाऊन घालून थिएटरच्या दाराशी स्टुलावर बसली आणि उठेचना.

"परक्याच्या हातानं मी डोळे मिटणार नाय. तू दे."

"आपल्या माणसाला आपण देत नाही, मावशी. हात कापतो. आणि तो लई चांगला डॉक्टर हाय."

"आसंल. पर ताईला कुणी दिली होती?"

मी तिच्या गाऊनची सुटलेली नाडी बांधायला घेतली.

"तूच दिली ना? मंग मलाच परकी का करती?"

जी गोष्ट मी कुणाला सांगू धजत नव्हते, जिच्यामुळे माझी झोप उडाली होती, ती या बाईला मायेची वाटत होती. बहिणीला मिळालं ते आपल्याला का नाही, म्हणून ती रुसून बसली होती. मला भयंकर राग आला. तिचा, आईचा, सगळ्यांचा. मित्र म्हणाला, "तुम्हीच द्या, मी शेजारच्या थिएटरात आहे, हाक मारा." मी टोपी घातली आणि हात धुतले.

टेबलावर मावशी ओठांतल्या ओठांत त्रिशरण म्हणत होती. मी मास्क धरला. तिनं मान तिरकी करून एकदा बघितलं आणि डोळे मिटले. ती बेशुद्ध झाल्यावर नळी घातली, डोळ्यांवर पट्ट्या चिकटवल्या. आता ती मावशी राहिली नव्हती. ओठांच्या कोपऱ्यात नळी, कपाळावर केस चिकटलेले, तोच चेहरा. मी मुद्दाम मॉनिटरकडे तोंड करून बसले.

"गॅस सुरू," सर्जन म्हणाला.

पोट हळूहळू वर यायला लागलं. आणि नाडीचा आवाज लांबला. टुक. मग बराच वेळ काही नाही. मग टुक. पोटाचं आतलं अस्तर एकदम ताणलं की कधी कधी हृदय असं दबकतं, पुस्तकात असतं, मी ते पाहिलेलंही होतं. पण पुढचा टुक आलाच नाही.

"गॅस बंद! सगळा बाहेर सोडा!" मी ओरडले.

सर्जननं झडप उघडली. सूं करत गॅस बाहेर आला, पोट खाली बसलं. तोवर माझं इंजेक्शन शिरेत गेलं होतं. टुक. टुक. टुकटुक. मावशीचं हृदय परत धावायला लागलं.

"थांबायचं का, मॅडम?" सर्जननं विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती.

थांबून काय करणार होते? ते कुजकं पित्ताशय पोटात ठेवून तिला करमाडला पाठवायचं? म्हणाले, "पुन्हा भरा. पण हळू. अगदी हळू. आणि प्रेशर दहाच्या वर एक पॉइंट नाही."

"दहात काय होतंय? मुंगीची हत्यारं द्या मंग मला."

"दहा."

त्यानं दहा घेतलं. या खेपेला हृदय दबकलं नाही. पण फुप्फुसं कुरकुरायला लागली. हवा आत ढकलायला जोर लागू लागला, मशीनची घंटी वाजू लागली, आणि श्वासातून बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढत निघाला. मी टेबल डोक्याकडून उंच केलं, म्हणजे आतडी खाली घसरून पडद्यावरचा भार कमी व्हावा. मशीनचा वेग वाढवला. आकडा थांबे, पुन्हा चढे. मला त्या आकड्याची चीड आली होती, जणू तोच माझ्या घरावर चालून आला होता.

मध्येच सर्जनचा आवाज चढला, "रक्त येतंय. दिसत नाय काही. दोन वाढवू द्या, मॅडम, न्हायतर पोट फाडतो."

"आत्ताच तिचं..."

"मला माहितीये. दोन. नसेला क्लिप लावेपर्यंत."

एरवी मी त्याला ऐकवलं असतं. पण त्याला खरंच दिसत नव्हतं, आणि न दिसता त्यानं हात चालवला असता तर मावशी रक्तानं गेली असती. म्हणाले, "घ्या." मशीन बाजूला केलं आणि श्वासाची रबरी पिशवी हातात घेतली. हातानं दाबलं की फुप्फुस किती साथ देतंय ते तळव्याला कळतं. पिशवी दगडासारखी झाली होती. मी दाबत होते, आणि आत जेमतेम हवा जात होती. छाती थोडीशी वर येई. मी तिकडे बघत नव्हते.

"लागली क्लिप," तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत त्यानंच प्रेशर खाली घेतलं. पिशवी माझ्या हातात मऊ झाली. त्या माणसाचे त्या क्षणी मी पाय धरले असते.

पित्ताशय निघालं. त्यानं दोन्ही हातांनी पोट दाबून उरलासुरला गॅस बाहेर काढला, भोकांना टाके घातले. मी भुलीचं औषध बंद केलं, स्नायू सैल केलेले होते त्यावर उतारा दिला, आणि पिशवी दाबत बसले. आता तिनं स्वतःहून श्वास घ्यायचा आणि मी नळी काढायची, एवढंच बाकी.

तिच्या भुवया हलल्या. बोटं हलली. श्वास नाही.

मी पिशवी दाबत राहिले. आकडा छान खाली आला होता, पुस्तकात लिहितात तसा. ऑक्सिजन उत्तम. छाती वर येत होती, खाली जात होती, अगदी व्यवस्थित. पुन्हा बोटं हलली. श्वास नाही. मी आणखी दाबलं, आणखी. मनात एकच चाललं होतं, ही पण नाही उठणार, ही पण नाही.

टाके झाले की आमचे सर्जन महाशय चहाला पळतात, आजवरचा रिवाज. त्या दिवशी तो गेला नव्हता. हातमोजे काढून माझ्या मागं उभा होता.

"मॅडम," तो म्हणाला, "ती कशाला घेईल श्वास? तिचा तुम्हीच घेताय की."

मी थांबले नाही.

"आकडा बघा. हात काढा आता."

बरोबर होतं त्याचं. शिकाऊ डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात मी हे शिकवते, चुकले की चारचौघांत झापते. ज्या गॅसशी मी सकाळपासून भांडत होते, तोच रक्तात थोडा साचला की मेंदूला सांगतो, बाई, श्वास घे. आणि मावशीच्या शरीराला तर इतक्या वर्षांच्या धुरानं तो इतरांपेक्षा जास्तच असायची सवय. मी तो शेवटच्या कणापर्यंत धुऊन काढत होते. तिच्याकडे श्वास घ्यायला कारणच उरलं नव्हतं. हे सगळं मला येत होतं. पण हात निघत नव्हता. कारण हात काढल्यावर काय दिसतं ते मी एकदा बघितलं होतं.

"ऑक्सिजन भरपूर हाय," तो हळू म्हणाला. "थांबायला जागा हाय, मॅडम."

मी हात काढला.

छाती थांबली. मॉनिटरवर श्वासाची रेघ आडवी झाली आणि आडवीच सरकत राहिली. पिशवी लोंबत होती. नाडीचा टुकटुक तेवढा चालू. मला वाटलं आता पुरे, आता हात घालते, आणि घातला नाही. मावशीच्या तोंडाकडे बघितलं, सकाळपासून पहिल्यांदा. आई नव्हती ती. गालावर चुलीच्या ठिणगीचा जुना डाग होता, तो आईला नव्हता.

पिशवी जराशी चुरगळली. मी हात लावला नव्हता.

मग पुन्हा काही नाही. मग पुन्हा, जरा मोठी. मग नळीत खोकला, आणि पिशवी गचके खात हलायला लागली, वेडीवाकडी, बेताल, कुठल्याही मशीननं कधी घेतला नसता असा श्वास. "घेतला," सर्जन म्हणाला. मी त्याच्यावरच ओरडले, "मग इथं काय उभं राहिलात? जा, चहा प्या!" तो गेला. आणि मी मास्कच्या आत हमसून हमसून रडायला लागले. सिस्टर घाबरल्या. मला आवरेना.

नळी काढेपर्यंत मावशीनं डोळे उघडले होते. मला तशी बघून ती गडबडली. घोगऱ्या आवाजात तिचा पहिला शब्द, "मेले का गं मी?"

"नाय, मावशी."

"मंग रडती कशाला, येडे?"

दुपारी ती वॉर्डात उशीला टेकून बसली होती, नाकाला ऑक्सिजन. तक्रार सुरू झालीच होती. पोटाला भोकं पाडली आणि उजवा खांदा का ठणकतोय? मी सांगितलं, थोडा गॅस अजून पडद्याखाली राहिलेला असतो, तो पडद्याला टोचतो, पण कळ खांद्यात येते, जाईल एक-दोन दिवसांत. "म्हणलं होतं ना, सगळा काढ," ती म्हणाली. मी खांदा चोळून द्यायला बसले. ती डोळे मिटून पडून होती. मला वाटलं झोपली.

"ताई गेली तवा तू रडली न्हवतीस," ती एकदम म्हणाली.

मी चोळतच राहिले.

"करमाडला लोक भेटायला यायचे तर म्हणायचे, डाक्टरीन हाय, काळीज दगडाचं हाय तिचं. सख्खी आई गेली आन् डोळ्याला थेंब नाय."

"आणि तू काय म्हणायचीस?"

"मी म्हणायचे, ती अजून कामावर हाय. सुटी झाली की रडंल."

माझे हात तिच्या खांद्यावर तसेच राहिले. तिनं डोळे उघडले नाहीत, नुसता माझ्या मनगटावर तळवा ठेवला.

"लई उशिरा सुटी झाली गं तुझी," मावशी म्हणाली.